बिनदुधाची खीर: जुन्नर, आंबेगाव आणि शेंगदाण्याचा लांबचा प्रवास



इतिहास म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर किल्ला, तलवार आणि तह येतात. जुन्नर म्हटलं की शिवनेरी येतो. आजच्या भागातही शिवनेरी येणार आहे, पण आपण तिथे जाणार आहोत ते जेवणाची जागा बघायला. तिथून युरोप, मग ब्राझील, मग आपल्या उपवासाचं ताट, आणि शेवटी थेट गॅसच्या शेगडीपाशी. विषय आहे दाण्याची खीर. कुणी तिला पुडिंग म्हणेल, म्हणू दे. वाटीत चमचा उभा राहील इतकी दाट, थंड, भाजक्या दाण्याच्या वासाची आणि दुधाचा एक थेंबही नसलेली.

मी आंबेगाव तालुक्यातली. संकष्टीला किंवा एकादशीला ही खीर घरी करते, आणि दर वेळी कुणीतरी एक वाक्य टाकतंच: "छान झालीय, पण खरी खीर बदामाची."

त्या "खरी" शब्दावर आज बोलू.

नावातच दूध आहे

आधी शब्दापासून सुरुवात करू. खीर हा शब्द संस्कृत "क्षीर"पासून आला. क्षीर म्हणजे दूध. खिरीचं जुनं नाव पायस, तेही "पयस्" म्हणजे दुधापासूनच. म्हणजे खिरीच्या नावातच दूध आहे. मग दाणे भिजवून, वाटून, गाळून जे पांढरं पाणी निघतं त्याची केलेली ती खीर कशी? तो निव्वळ जुगाड नाही का?

जुगाड आहेच. पण माझं म्हणणं असं की जगातल्या बहुतेक नामांकित खिरी आणि पुडिंगं जुगाडातूनच जन्मली. कुणाला दूध चालत नव्हतं, कुणाला अंडं सोसत नव्हतं, कुणाला धान्य वर्ज्य होतं, कुणाला बदाम परवडत नव्हते. काहीतरी "नाही" होतं, म्हणून दुसरं काहीतरी निघालं. एकेक "नाही" घेऊ.

शिवनेरीवरची जेवणाची जागा

जुन्नरभोवतीचे डोंगर म्हणजे लेण्यांचं मोहोळ. मानमोडी, तुळजा, लेण्याद्री, शिवनेरी असे सगळे गट धरले तर दोनशेच्या आसपास खोदकामं. एकाच गावाभोवती इतकी बौद्ध लेणी भारतात दुसरीकडे नाहीत. कारण सोपं आहे. खाली कोकणात कल्याण-सोपाऱ्याची बंदरं, वर देशावर प्रतिष्ठान म्हणजे पैठण, आणि मधे घाट चढून आल्यावर पहिलं मोठं गाव जुन्नर. घाट कुठला? नाणेघाट. तिथल्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख आहे. त्यात यज्ञांची यादी आहे, दक्षिणेत दिलेल्या हजारोंनी गाई आहेत, आणि भारतातले अगदी जुने आकडे कोरलेले आहेत. घाटाच्या तोंडाशी जो दगडी रांजण आहे, त्यात जकातीची नाणी टाकत असं लोक सांगतात.

हजारोंनी गाई दान करणारी राणी. म्हणजे राजाच्या यज्ञात दुधातुपाला तोटा नव्हता. पण त्याच डोंगरांत राहणाऱ्या भिक्खूंचं जेवण दुसऱ्याच्या हातावर होतं. भिक्षेत मिळेल ते, आणि तेही दुपार व्हायच्या आत. मध्यान्ह उलटली की जेवण बंद. हाही एक "नाही"च.

या भिक्खूंसाठी शिवनेरीच्या लेण्यांत एक दान आहे. दानाच्या लेखात शब्द येतो "भोजनमटपो", म्हणजे भोजनमंडप. पंगतीची जागा. देणारा कोण? चिट नावाचा एक यवन. इथे यवन या शब्दाचा नंतरचा अर्थ डोक्यातून काढून टाका. त्या काळात यवन म्हणजे ग्रीक, किंवा पश्चिमेच्या समुद्राकडून आलेले लोक आणि त्यांचे वंशज. जुन्नरच्या लेखांत असे तीन यवन भेटतात. एकाने पाण्याच्या दोन पोढी दिल्या, दुसऱ्याने लेण्याच्या बांधकामासाठी दान दिलं, आणि चिटाने भिक्खुसंघाला जेवणाची जागा दिली. याच जुन्नरात धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचं लेणं आणि एक पोढी दिल्याचाही लेख आहे.

मला हा चिट फार आवडतो. त्याने स्तूप दिला असता, मूर्ती दिली असती. त्याने ताट मांडायची जागा दिली. बाहेरून आलेल्या माणसाला एखाद्या गावात आपलं म्हणून बसायचं असेल तर पंगतीइतकी चांगली जागा नाही, हे त्याला कळलं असणार.

आणि या भिक्खूंच्या परंपरेतली सगळ्यात प्रसिद्ध खीर कुठली? सुजातेची. देह झिजवणारं तप सोडून गौतमाने जे खाल्लं ते पायस. उपवास सोडताना खीर. ही सवय आपल्याला किती जुनी आहे बघा.

युरोपातला उपवास आणि बदामाचं दूध

आता जरा लांब जाऊ. मध्ययुगातला ख्रिस्ती युरोप. ईस्टरच्या आधीचा चाळीस दिवसांचा उपवास आणि वर्षभरातले इतर उपवासाचे वार. या दिवसांत मांस बंद, अंडी बंद, दूध-लोणीही बंद. धान्य मात्र चालतं. म्हणजे आपल्या उपवासाच्या बरोब्बर उलट. आपल्याला दूध चालतं, गहू-तांदूळ चालत नाही.

मग तिथल्या श्रीमंत घरातल्या आचाऱ्याने काय केलं? बदाम भिजवले, कुटले, पाण्यात कालवून कापडातून पिळले. पांढरंशुभ्र दूध निघालं. गाईचं नाही, म्हणून उपवासाला चालणारं. या बदामाच्या दुधात तांदूळ शिजवून दाट करायचं, साखर घालायची. या पदार्थाचं नाव ब्लाँमांज, शब्दशः "पांढरं खाणं". इंग्लंडच्या राजाच्या मुदपाकखान्यातल्या, १३९० च्या सुमाराच्या पाककृतींच्या संग्रहातही तो आहे. गंमत म्हणजे एरवीच्या दिवशी त्यात कोंबडीच्या छातीचं बारीक तंतू केलेलं मांस असायचं, आणि उपवासाला त्या जागी मासा. गोड पुडिंगमध्ये कोंबडी! तोंड वाकडं करू नका, तुर्कस्तानात कोंबडीच्या मांसाची गोड खीर आजही आवडीने खातात.

पुढे मांस गळलं, गोडवा राहिला, आणि आज आपण ज्याला पुडिंग म्हणतो त्याच्या पूर्वजांपैकी एक हा ठरला. म्हणजे "खरी खीर बदामाची" म्हणणाऱ्यांना सांगायला हरकत नाही की युरोपातलं ते बदामाचं पुडिंगही दूध चालत नव्हतं म्हणून काढलेली पळवाटच होती. फरक एवढाच, की ती पळवाट श्रीमंतांची होती. बदाम आणि साखर तेव्हाही महागच.

परदेशी पाहुणा मातीत कसा गेला

आपल्याकडची पळवाट स्वस्त निघाली, कारण आपल्याकडे भुईमूग आला.

हो, आला. भुईमूग इथला नाही. तो दक्षिण अमेरिकेचा. बोलिव्हिया, अर्जेंटिना, ब्राझील, पेरू या भागांत त्याची हजारो वर्षांची शेती. पोर्तुगीज आणि स्पॅनिश जहाजांनी तो सोळाव्या शतकापासून जगभर नेला. भारतात तो एकाहून जास्त वाटांनी आला असं मानतात, आणि त्याची खूण भाषेत उरली आहे. तमिळमध्ये त्याला "मणिला कोट्टै" म्हणतात, म्हणजे मनिलाचा दाणा. फिलिपिन्सची मनिला. बंगालीत "चिनाबादाम", चीनचा बदाम. मराठीने मात्र त्याला कुठल्याच परदेशाचं नाव दिलं नाही. आपण बघितलं की हा मुगासारखा शेंगेतला दाणा आहे आणि भुईत होतो, म्हणून भुईमूग. झालं. नावातच त्याला सातबारा देऊन टाकला.

आणि मराठी नाव शास्त्राच्या दृष्टीनेही बरोबर आहे. इंग्रजीत त्याला नट म्हणतात, पण तो नट नाही. तूर, मूग, हरभरा यांच्याच कुळातला शेंगवाला आहे. ज्यांनी भुईमूग फक्त पाकिटात बघितला त्यांच्यासाठी सांगते: पिवळं फूल वर येतं, फळ मात्र वर धरत नाही. फूल सुकलं की त्याच्या बुडातून एक सुईसारखा दांडा निघतो, खाली वाकतो आणि जमिनीत शिरतो. आमच्याकडे त्याला आऱ्या म्हणतात. "आऱ्या सुटल्या" की रानात पाय जपून टाकायचा आणि माती भुसभुशीत ठेवायची, कारण आऱ्या मातीत गेली तरच शेंग धरते.

एकोणिसाव्या शतकात या पिकाला मोठी मागणी आली ती खाण्यासाठी नाही, तेलासाठी. मद्रास आणि पाँडिचेरीकडून दाणे फ्रान्सच्या मार्से बंदरात जायचे. तिथे तेल गाळलं जायचं, साबण व्हायचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबई इलाख्याच्या शेतीखात्याने स्पॅनिश आणि जपानी नावाच्या जाती शेतकऱ्यांपर्यंत आणल्या. पुढे आपल्या विद्यापीठांनी जाती काढल्या. जळगावच्या संशोधनातून आलेली फुले प्रगती, म्हणजे जेएल-२४. आणि टीएजी-२४, जी ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचं कृषी विद्यापीठ यांनी मिळून काढली. टीएजी म्हणजे ट्रॉम्बे अकोला ग्राउंडनट. अणुसंशोधन केंद्रातून निघालेला दाणा आपण खिचडीत घालतो, याची कल्पना होती का तुम्हाला?

इथे एक गोष्ट मनात येते. आंबेगाव तालुक्यातलं महाळुंगे पडवळ हे हुतात्मा बाबू गेनूंचं गाव. १२ डिसेंबर १९३० ला मुंबईत परदेशी कापडाचा ट्रक अडवताना ते गेले. त्यांच्या तालुक्यात बसून मी परदेशी दाण्याचं कौतुक करते आहे. पण विरोधाभास नाही. त्या कापडाचा प्रश्न ते कुठून आलं एवढाच नव्हता. त्याने इथल्या विणकराच्या हातातलं काम काढून घेतलं, हा होता. भुईमुगाने उलट केलं. तो इथल्या कोरडवाहू रानात रुजला आणि त्याने इथल्या हातांना काम दिलं.

उपवासाचं ताट उघडून बघा

जुन्नर तालुक्यात अष्टविनायकांपैकी दोन आहेत. ओझरचा विघ्नहर आणि लेण्याद्रीचा गिरिजात्मज. लेण्याद्रीचा गणपती बसला आहे तो बौद्ध विहारात, सातव्या क्रमांकाच्या लेण्यात. भिक्खूंच्या खोल्या, तिथे गणपती, आणि संकष्टीला पायऱ्या चढून येणारी उपवासाची माणसं. आंबेगावच्या पश्चिम टोकाला भीमाशंकर, तिथे महाशिवरात्रीला आणि श्रावणात गर्दी. उपवासाला आमच्या भागात तोटा नाही.

आता त्या उपवासाच्या ताटात काय असतं? साबुदाणा, बटाटा, रताळं, हिरवी मिरची आणि दाण्याचं कूट. साबुदाणा कशाचा? आपल्याकडे मिळतो तो कसावा नावाच्या कंदाचा, मुख्यतः तमिळनाडूतल्या सेलमचा. त्याचा धंदा तिथे वाढला दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. आणि कसावा मूळचा? दक्षिण अमेरिकेचा. बटाटा? दक्षिण अमेरिकेचा. रताळं, मिरची, शेंगदाणा? सगळी अमेरिकेची मंडळी. आमचं सातगाव पठार बटाट्यासाठी प्रसिद्ध, मंचरच्या बाजारात तो ट्रकने उतरतो, तो इथलाच वाटतो. पण कोलंबसाच्या आधी, म्हणजे १४९२ पूर्वी, आपल्या कुणाच्याही पूर्वजाने साबुदाण्याची खिचडी खाऊन एकादशी केलेली नाही.

हे ऐकून काही जण चिडतात. "म्हणजे आमचा उपवास खोटा का?" अजिबात नाही. उपवासाचा नियम होता की नेहमीचं धान्य खायचं नाही. नवे पदार्थ आले, ते नेहमीच्या धान्यांच्या यादीत नव्हते, म्हणून त्यांना आत घेतलं. कुणी घेतलं? धर्मसभा भरली नाही, ठराव झाला नाही. दिवसभर उपाशी राहून घरच्या सगळ्यांना जेवू घालणाऱ्या बायकांनी ठरवलं की हे चालेल. युरोपात आचाऱ्याने बदामाला उपवासात घेतलं, इथे आजी-पणजीने शेंगदाण्याला. त्या निर्णयाला लिहिणारा मिळाला नाही, एवढंच.

वरई आणि पाणी

खीर दाट कशाने करायची, हा पुढचा प्रश्न. तांदूळ उपवासाला चालत नाही. इथे आमच्या तालुक्यांचा पश्चिम पट्टा कामाला येतो.

जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांची रचना सारखी. पश्चिमेला सह्याद्री, धो धो पाऊस, भात, नाचणी, वरई आणि हिरड्याची झाडं. पूर्वेला पाऊस कमी, बाजरी आणि भुईमुगाचं रान. पश्चिमेला मुख्यतः महादेव कोळी समाजाची वस्ती. डोंगरउतारावर वरई तेच पिकवत आले. वरई सडली, म्हणजे वरचं टरफल काढलं, की दुकानात ती भगर होते. खरं तर वरई धान्यच आहे, गवताच्या कुळातलं. पण उपवासाला ती चालते. डोंगरातल्या माणसाचं रोजचं पोटभरीचं खाणं हे गावातल्या माणसाचं उपवासाचं खाणं झालं.

म्हणून माझ्या खिरीत दाणे पूर्वेचे आणि वरई पश्चिमेची. दोन्ही एका वाटीत येतात. पण पाण्याचं तसं झालं नाही. ज्या गावावरून तालुक्याला आंबेगाव नाव मिळालं, ते जुनं गाव घोड नदीवरच्या डिंभे धरणाखाली गेलं. त्या जलाशयाला आता हुतात्मा बाबू गेनू सागर म्हणतात. डिंभे, माणिकडोह, येडगाव, वडज आणि पिंपळगाव जोगे ही पाच धरणं मिळून कुकडी प्रकल्प. पाणी कालव्यांनी पूर्वेला गेलं. तिथे ऊस आला, कांदा आला, नारायणगावला टोमॅटोचा मोठा बाजार उभा राहिला. पूर्वेच्या घरांत पैसा आला आणि तो यायलाच हवा होता. पण वरई पिकवणाऱ्या कित्येक घरांची खाचरं पाण्याखाली गेली, आणि ज्या भुईमुगासाठी कधी काळी अख्खं शिवार असायचं तो आमच्या बाजूला घरापुरत्या चार सऱ्यांवर आला. म्हणून मी म्हणते की ही खीर सोपी आहे, पण तिचं सामान जिथून येतं ती रानं आता सोपी राहिली नाहीत.

दुधाचंही तसंच. १९७० मध्ये देशात दुधाचा महापूर योजना सुरू झाली आणि गावोगावी दूध हे रोख पैशाचं साधन झालं. दहा-पंधरा दिवसांनी हातात पगार यावा तसे पैसे. त्याने कित्येक घरं उभी राहिली. पण पहाटे किटली भरून दूध बाहेर जायचं आणि घरात कोरा चहा, हेही पुष्कळांनी बघितलं आहे. गाय दारात आणि खीर दाण्याची. मग सांगा, ही "खोटी खीर" कुणाच्या अडचणीतून आली?

पुडीतला बदाम

आता पुडीकडे येऊ, कारण तुमच्यातले निम्मे म्हणतील, एवढा खटाटोप कशाला, पाच मिनिटांत होणारी पुडी मिळते.

पुडीचाही इतिहास अडचणीचाच. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्ये आल्फ्रेड बर्ड नावाचा औषधविक्रेता होता. त्याच्या बायकोला अंडं सोसत नव्हतं, आणि कस्टर्ड तर अंड्याचंच. म्हणून १८३७ मध्ये त्याने मक्याच्या पिठाचं बिनअंड्याचं कस्टर्ड काढलं. बायकोच्या पथ्यातून एक जगभर चालणारा धंदा झाला. आपल्या पुण्यात १९५६ मध्ये वेकफिल्ड सुरू झाली आणि मराठी घरांत पाहुण्यांसाठी फळं घातलेलं पिवळं कस्टर्ड रुळलं. लहानपणी ते मीही मिटक्या मारत खाल्लं आहे. त्याची टिंगल करायची माझी इच्छा नाही.

पण बाजारात "बदाम फ्लेवर" म्हणून जो वास मिळतो, त्याची एक गोष्ट ऐका. तो वास मुख्यतः बेंझाल्डिहाइड या रसायनाचा. जर्मनीत वोहलर आणि लीबिग या दोघांनी १८३२ मध्ये कडू बदामाच्या तेलाचा अभ्यास केला, तेव्हापासून रसायनशास्त्रात त्याचं मोठं नाव. कडू बदामाच्या! आपण खातो त्या गोड बदामाला तो वास जवळजवळ नसतोच. म्हणजे "बदामाचा वास" म्हणून जे आपण ओळखतो, तो आपण कधीच न खाल्लेल्या बदामाचा आहे.

भाजलेल्या दाण्याचं उलट आहे. त्याचा वास कच्च्या दाण्यात नसतो. तो तव्यावर तयार होतो. उष्णतेने दाण्यातली प्रथिनं आणि साखर एकमेकांत मिसळून शेकडो नवे पदार्थ बनतात. फ्रान्सच्या मायार नावाच्या शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये या क्रियेचं वर्णन केलं. भाकरीचा पापुद्रा, भाजलेला कांदा, कॉफी, सगळीकडे हीच क्रिया. म्हणून खिरीचा वास विकत आणता येत नाही, मंद आचेवर उभं राहावं लागतं.

आता कृती

वही काढा. चार जणांना पुरेल एवढं सांगते.

एक मोठी वाटी दाणे घ्या, साधारण १५० ग्रॅम. आधी निवडा. काळपट, सुरकुतलेले, बुरशीचा वास येणारे दाणे सरळ फेका. बुरशीच्या दाण्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष असू शकतं आणि ते भाजून जात नाही. घरात कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर हा पदार्थ करूच नका.

जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर १० ते १२ मिनिटं भाजा. सारखं हलवत राहा. सालं तडकली आणि दाणा आतून फिकट बदामी दिसला की उतरवा. चटणीसाठी भाजतो तितकं खरपूस नको, खीर कडवट होते. गार झाल्यावर चोळून, पाखडून सालं काढा. मग दाणे गरम पाण्यात दोन तास भिजवा. भिजवलेलं पाणी टाकून द्या.

मिक्सरमध्ये एक वाटी ताजं पाणी घालून गंधासारखं बारीक वाटा. पाटा-वरवंटा असेल तर उत्तमच, पण हात दुखले तर मला दोष देऊ नका. आणखी तीन वाट्या पाणी घालून पातळ सुती कापडातून घट्ट पिळा. चार वाट्यांच्या आसपास दूध निघेल. कापडात उरलेला चोथा टाकू नका. दाण्याच्या आमटीत घाला, भगरीबरोबर ती आमटी झकास लागते.

तीन मोठे चमचे वरई कोरडीच हलकी भाजून मिक्सरमध्ये पीठ करा. हे पीठ गार दाण्याच्या दुधात गुठळी न होऊ देता कालवा. मगच गॅसवर ठेवा. मंद आच, आणि पळी थांबवायची नाही. हे दूधही गाईच्या दुधासारखंच उतू जातं आणि बुडाला लागतं. १५ मिनिटांत ते पळीच्या पाठीला चिकटून राहील इतकं दाट होईल आणि वरईचा कच्चा वास जाईल.

गॅस बंद करा. पाच मिनिटं थांबा. मग पाऊण वाटी किसलेला गूळ दोन चमचे पाण्यात विरघळवून, गाळून घाला. उकळत्या खिरीत गूळ टाकला तर फाटायची भीती असते. वेलदोड्याची पूड, थोडं जायफळ आणि चिमूटभर सैंधव. मीठ ऐकून दचकू नका, त्याने दाण्याचा वास उठतो. वाट्यांत ओता, वर भाजक्या दाण्याचं जाडसर कूट भुरभुरा आणि तीन तास फ्रिजमध्ये ठेवा.

चमचा घातला की खीर अलगद सुटते. पहिला घास गुळाचा लागतो, मागून दाणा येतो, आणि शेवटी जिभेवर वरईचा किंचित रवाळपणा राहतो. बदामाची आठवण येत नाही, कारण ही त्याची नक्कल नाहीच.

मग "खरी" कुठली?

इतिहासात आपण ज्याला "खरं" म्हणतो ते बहुधा थोडं आधी आलेलं असतं, एवढंच. चिट यवन बाहेरचा, पण शिवनेरीवरची पंगत त्याने बसवली. बदामाचं दूध उपवासाची पळवाट होती, नंतर ती राजाच्या ताटात मानाने बसली. भुईमूग ब्राझीलकडचा, आता त्याच्यावाचून आपली एकादशी होत नाही. अडचणीच्या वेळी कुणीतरी डोकं चालवलं, बाकीच्यांना चव आवडली, आणि दोन-तीन पिढ्यांत ती परंपरा झाली.

म्हणून पुढच्या वेळी "खरी खीर बदामाची" असं कुणी म्हणालं, तर भांडू नका. वाटी पुढे करा आणि विचारा, यात काय "नाही" ते ओळख. दूध नाही, हे ओळखेपर्यंत वाटी रिकामी झालेली असते, असा माझा अनुभव आहे.

जाता जाता एक काम देते. घरी आजीला किंवा आईला विचारा, दूध नसेल तेव्हा तुमच्याकडे गोड काय व्हायचं? कुणाकडे नाचणीचं सत्त्व असेल, कुणाकडे नारळाचा रस, कुणाकडे खसखस, कुणाकडे जवस. उत्तर फोनवर रेकॉर्ड करून ठेवा, तिच्याच आवाजात, तिच्याच मापात, म्हणजे "मूठभर" आणि "अंदाजाने" सकट. आम्हालाही पाठवा. निवडक आवाज पुढच्या एखाद्या भागात ऐकवू.

आणि बाजारात गेलात तर डोंगराकडून वरई घेऊन आलेल्या मावशींशी भाव करताना थोडं सबुरीने घ्या. भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, वाचत राहा, आणि दाणे मंद आचेवरच भाजा!